कंदीलपुष्पाचा कंद

हरिश्चंद्रगड म्हटलं की लोकांना कोकणकडा आठवतो. मला आठवतात तिथली कंदीलपुष्पं. पावसाळा सरत आला की पायथ्याच्या पाचनई गावाच्या वाटेने चढताना माझी नजर कड्यांपेक्षा उतारावरच्या गवतातच जास्त फिरते. त्या गवतात कंदीलपुष्पाची ‘सेरोपेजिया लॉई’ ही जात उभी असते. जोसेफ हूकर यांनी १८८३ मध्ये या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिलं. कंदीलपुष्पाच्या अनेक जाती वेल होऊन आधाराला वेढे घालतात, ही मात्र स्वतःच्या बळावर ताठ वाढते. सह्याद्रीतल्या मोजक्या जागा सोडल्या तर ती जगात कुठेच उगवत नाही.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा सोबत गावातले एक मामा होते. वाटेत कुणाच्या तरी पायाखाली आलेली एक फांदी पडली होती. तिच्यावरचं फूल मी तळहातावर घेतलं. खाली फुगीर बुंधा, वर निमुळती नळी आणि टोकाला एकमेकींना जोडलेल्या पाच पाकळ्या. पाकळ्यांमधल्या फटी म्हणजे जणू या कंदिलाच्या खिडक्या. नखाने नळी उभी चिरली, तर आत खाली झुकलेले बारीक केस दिसले. बुंध्यात एक चिमुकली माशी अडकलेली होती. भिंगाखाली धरल्यावर तिच्या तोंडाला चिकटलेला पिवळसर परागपिंड दिसला.

या फुलाचा सगळा कारभार तिथेच उलगडला. वासाने ओढलेली माशी खिडकीतून आत शिरते. केसांमुळे तिला वर येता येत नाही. रुईच्याच कुळातलं हे फूल, त्यामुळे पराग सुटे नसतात, त्यांचे पिंड असतात. माशी आत धडपडते तेव्हा ते तिला चिकटतात. पुढे केस सुकतात, माशी सुटते आणि दुसऱ्या फुलात जाऊन ते पिंड पोचवते. हे जमून आलं तरच जोडशेंग धरते आणि रेशमी केसांचं बी वाऱ्यावर निघतं. जमतं मात्र क्वचितच.

मामा म्हणाले, “गुरांमागं असताना आम्ही ह्याचा कांदा उकरून खायचो. आता लई हुडकावं लागतं.”

या झाडाचं खरं घर तो कंदच. पाऊस संपला की वरचं खोड वाळून जातं. मग हिवाळा आणि उन्हाळा कंद एकटाच मातीत काढतो आणि पहिल्या पावसात पुन्हा कोंब देतो. फूल खुडलं तर त्या वर्षाचं बी जातं, कंद उकरला तर झाडच संपतं. रानडुकरंही कंद उकरतात. त्यात आता गडावर तंबू ठोकणाऱ्यांच्या गर्दीने मातीच तुडवली जाते आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती वाढवून जपल्या आहेत. ते काम मोलाचं आहे, पण बागेतलं रोप म्हणजे गडावरचा उतार नव्हे. तो उतार आपल्यालाच राखायला हवा. म्हणून गडावर जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पायवाट सोडू नका, गवतात तंबू ठोकू नका. कंदीलपुष्प दिसलं तर डोळे भरून पाहा, फोटो काढा, पण ते नेमकं कुठे आहे हे जगजाहीर करू नका. आणि कुणी त्याचा कंद विकायला आणला, तर तो घेऊ नका.