सहा मिनिटांत चारशे मिली



सोमवारी सकाळी कांदेबागेत फिरत होतो. निसवण सुरू आहे. उन्हाचा पारा रोज 44 च्या पुढे. शेवटच्या चार ओळींची पानं कडेनं करपलेली, आणि निसवलेले घड लहान. आधी वाटलं करपा आला, नाहीतर पोटॅश कमी पडलं. म्हणून फोटो काढून फवारणीचं विचारायला निघालो होतो. तेवढ्यात फिटरची एक जुनी सूचना आठवली, "नाना, औषध विचारायच्या आधी पाणी मोजा."

मोजलं. ड्रिपर चार लिटरचा असेल तर सहा मिनिटांत बरोबर 400 मिली पाणी जमलं पाहिजे. ड्रिपरखाली खड्डा करून डबा ठेवायचा, मोबाईलवर घड्याळ लावायचं, बस. पहिल्या ओळीत 390 आलं. मधे 330. शेवटच्या ओळीत 230.

आता हिशोब बघा. झाडाला दोन ड्रिपर, मोटर अडीच तास. मी धरून चाललो होतो की झाडाला वीस लिटर जातंय. पुढच्या झाडाला जात होतंही. शेवटच्याला जेमतेम साडेअकरा. सहा बाय पाचवर एकरी 1452 झाडं बसतात. त्यातल्या किती झाडांना ऐन मे महिन्यात अर्धपोटी ठेवलं ते मलाच ठाऊक नाही. आणि मी मात्र "आपलं ठिबक आहे" म्हणून निवांत.

मंगळवारी फिटर आला. सँड फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन गेज असतात, त्यातला एक माझ्याकडे दोन वर्षांपासून बंद. त्यानं खिशातला गेज लावला. फरक 0.8 किलो. फरक अर्धा किलो झाला की बॅकवॉश करायचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी केला नव्हता. सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह उघडला तर आधी चुन्यासारखं पांढरं पाणी आलं. बोअर खोल गेलं, पाणी जड झालं, क्षार ड्रिपरच्या वाटेत बसले.

ॲसिड द्यायचं ठरलं. ज्यांनी कधी केलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. सँड फिल्टर लोखंडी असेल तर त्याच्या पुढे सोडायचं. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यात लिटमस बुडवून सामू 4 च्या खाली आला की मोटर बंद, 24 तास तसंच ठेवायचं, मग एकेक लॅटरलचं टोक उघडून धुवायचं. ब्लीचिंगची प्रक्रिया आणि ही एकत्र कधीही करू नका, विषारी वायू होतो. हातमोजे, चष्मा घालूनच.

काम करता करता तो म्हणाला, "नाना, पावसाळ्यानंतर मी हे सोडतोय. सोलरवाल्यांकडे जातो."

मी विचारलं, का रे?

"नवीन संच बसवला की एकरामागं मजुरी मिळते. दुरुस्तीचे तीनशे मागितले की लोक चहा पाजतात."

ऐकून लाज वाटली, कारण मीही दोनदा चहाच पाजला होता.

हा धंदा आपल्या भागाचा आहे, म्हणून जास्त लागलं. ठिबकची कंपनी 1965 मध्ये तिकडे इस्रायलच्या हात्झेरिम किबुत्झवर उभी राहिली हे खरं. पण जळगावच्या भवरलाल जैनांनी 1963 मध्ये रॉकेल विकण्यापासून सुरुवात करून, पुढे पीव्हीसी पाइप आणि मग ठिबक इथल्या काळ्या मातीत आणलं. टिश्यूकल्चरची ग्रँड नैन आणि ठिबक जोडीनं आलं आणि खान्देशची केळी बदलली. त्यामागं नळ्या, ग्रोमेट, फिल्टर करणारे लहान कारखाने आले, तालुक्याला दुकानं आली, गावात फिटर तयार झाले. पाणी वाचवायचा अख्खा उद्योग आपल्या डोळ्यांसमोर वाढला.

सरकारनं हात दिला, नाही म्हणणार नाही. आज अल्प-अत्यल्प भूधारकाला 80 टक्के, बाकीच्यांना 75 टक्के अनुदान, तेही ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चावर. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबकवरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला. पण हा सगळा आधार नळीला आहे. नळी बसली, मोका तपासणी झाली, फोटो काढला, विषय संपला. ती सहाव्या वर्षी किती पाणी देते हे मोजायला कुणाला काही मिळत नाही. माझ्या संचाच्या कागदावर विक्रीनंतरची सेवा लिहिलेली आहे. ज्या दुकानदारानं संच दिला त्याचं शटर तीन वर्षांपूर्वी बंद झालं. त्यानं अर्ध्या गावाला उधार माल दिला होता. लोकांचं अनुदान येईपर्यंत व्याजानं तो बसला. माझंच तेरा महिन्यांनी आलं. मी पैसे दिले, पण सगळ्यांनी दिले नाहीत.

सोलर पंपाच्या योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती पुरवठादाराच्या गळ्यात बांधलेली आहे. ती नीट पाळली जाते की नाही हा वेगळा विषय, पण निदान लिहिलंय, आणि त्या लिहिण्यामुळंच आमचा फिटर तिकडं चाललाय.

बुधवारी शिवारातल्या अकरा जणांना बोलावलं. म्हटलं, एकरी वर्षाला पाचशे द्या. तो वर्षातून चार वेळा फिल्टर, गेज, ड्रिपरचं पाणी तपासेल, ॲसिडची मजुरी त्यात. आठ जण हो म्हणाले. एक म्हणाला, "नळ्या काय, सात वर्षांनी परत अनुदानात घेऊ." त्याला काय सांगणार, सहाव्या वर्षाचा घड सातव्या वर्षी परत येत नाही. दोघं न बोलता उठले.

आठ जणांचे मिळून 43 एकर. साडेएकवीस हजार रुपये वर्षाचे. फिटरला सांगितलं तर तो हसला. घर चालवायला किमान 400 एकर पाहिजेत म्हणाला, आणि त्याचं चुकत नाही. म्हणून आता आपल्या शेतकरी कंपनीच्या पुढच्या बैठकीत विषय मांडतोय: खतं-औषधं विकतो तशी ही सेवा कंपनीनं घ्यावी, दोन पोरं ठेवावीत, सभासदाच्या केळीच्या पट्टीतून पैसे कापावेत. संचालकांपैकी एकाचा पाठिंबा आहे. एकाचा फोन लागत नाही.

शुक्रवारी परत मोजलं. पहिली ओळ 395, मधे 370, शेवटची 340. अकरा ड्रिपर पूर्ण मेलेले, ते बदलले. गेज नवा बसवला. करपलेली पानं काही हिरवी होणार नाहीत. त्या चार ओळींचा घड किती भरतो ते कापणीला वजन करून टाकतो.

फिटर जूनअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय. 43 एकर झालेत, 357 बाकी.