दिव्याला अंधार कळावा म्हणून

रुग्णालयातील आपत्कालीन दिव्यांच्या, म्हणजे पुरवठा बंद पडताच स्वतःच्या बॅटरीवर पेटणाऱ्या दिव्यांच्या जोडणीत खरा अवघड प्रश्न बॅटरीचा नसून, वीज गेल्याचे त्या दिव्याला कोणत्या तारेवरून कळावे, हा आहे. सगळ्या इमारतीची वीज गेली तर जनरेटर सुरू होतो आणि काही सेकंदांत वॉर्ड पुन्हा उजळतो. परंतु केवळ एका जिन्याचा एमसीबी, म्हणजे जादा भार किंवा शॉर्ट सर्किट होताच आपोआप पडणारा खटका, पडला तर मुख्य पॅनेलवर वीज असतेच, म्हणून जनरेटर हलत नाही आणि तेवढा जिना काळोखात राहतो. त्या काळोखाची खबर दिव्याला लागायची असेल, तर त्याचा कायम फेज, म्हणजे स्विच बंद असतानाही जिवंत असणारी तार, त्याच जिन्याच्या एमसीबीखालून आणि स्विचच्या आधी घेतलेला असावा लागतो. स्विचनंतरच्या तारेवर, जिला कामावर हाफ वायर म्हणतात, दिवा जोडला तर रात्री परिचारिकेने वॉर्डातील दिवे मालवताच तो वीज गेली असे समजून पेटतो आणि पहाटेपर्यंत बॅटरी रिकामी करून बसतो.

प्रस्तुत लेखकाने हाफ वायरची ही चूक कधी केली नाही. दुसरी, म्हणजे कायम फेज त्याच जिन्याच्या एमसीबीखालून न घेण्याची, मात्र अनेक वर्षे अभिमानाने केली. प्रत्येक मजल्याच्या आपत्कालीन दिव्यांना डीबीतून, म्हणजे वितरण पेटीतून, एक स्वतंत्र सर्किट द्यायचे, त्याच्या तारा लाल ठेवायच्या, टोकांना क्रमांकाची फेरूल, म्हणजे छोटी नळी, घालायची आणि सगळे एका रेषेत बसवायचे, ही पद्धत पाहणाऱ्याला आवडे, आणि ती आवडावी ही इच्छा जोडणीच्या विचाराहून मोठी झाली होती. चाचणीही नेहमी मुख्य स्विच पाडूनच होई, तेव्हा सर्व दिवे हमखास पेटत. नजर मंदावल्यावर फेरूलवरील आकडे वाचायला आयटीआय झालेला एक मुलगा सोबत घेतला गेला. एका इमारतीत कोणता खटका कशाचा हे ओळखण्यासाठी तो एकेक एमसीबी पाडत गेला आणि जिन्याचा पाडला तेव्हा जिना काळा झाला, पण आपत्कालीन दिवा पेटला नाही, कारण त्याचे स्वतंत्र, नीटनेटके सर्किट अजून जिवंत होते.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सुटकेच्या मार्गावरील असा दिवा काही सेकंदांत पेटावा आणि किमान दीड तास टिकावा; तो दिवा या दोन्ही कसोट्यांना उतरला असता. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात अर्भके दगावली आणि त्यानंतर राज्यभर तपासण्या सुरू झाल्या, परंतु दिव्यावरील चाचणीचे बटण दाबून कागदावर खूण करणाऱ्यांचा या व्यवसायात सुळसुळाट आहे. ते बटण दिव्याला आतून वीज गेल्याचे खोटेच भासवते. त्यामुळे बॅटरी कळते, जोडणी कळत नाही. प्रत्येक सर्किटचा एमसीबी स्वतंत्रपणे पाडून त्या त्या जागी जाऊन पाहण्याइतका वेळ कुणी मोजत नाही आणि त्याचे पैसेही कुणी देत नाही.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. डीबीत रिले बसवायचा, म्हणजे जिन्याच्या सर्किटवर टेकलेले असे उपकरण की ते सर्किट मरताच आपत्कालीन दिव्याचा पुरवठाही तोडेल. पण त्याचा संपर्कबिंदू चिकटला तर जुनाच दोष परततो, आणि तो चिकटल्याचे बाहेरून दिसत नाही. दुसरा मार्ग जिन्याच्या स्विचबोर्डातून कायम फेजची नवी तार दिव्यापर्यंत ओढण्याचा, आणि लेखकाचे मत निःसंशय याच बाजूचे आहे, जरी त्यामुळे स्विचबोर्डात दाटी होते आणि ते काम दाखवण्याजोगे राहत नाही. त्या इमारतीत चार जिन्यांपैकी तीन जिन्यांत तार गेली. चौथ्याच्या भिंतीतील नळी आधीच भरलेली आहे. तेथे सध्या रिले आहे, आणि दर महिन्याला तो मुलगा जाऊन त्या जिन्याचा खटका पाडून पाहतो.