आधी कुरकुरणारा पंप

जुन्या टाटा 1210 चा डिझेल पंप सहसा एका दिवसात मरत नसे. आधी कुरकुरायचा. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागायचा, कसारा घाटात माल घेऊन चढताना गाडी दम सोडायची. भिवंडीच्या अंजूरफाट्याला कापडाच्या गाठी भरलेला ट्रक अडला, की क्लीनर बोनेट उघडायच्या आधीच सांगायचा, "उस्ताद, एअर पकडली."

डिझेलच्या पाइपातली ती हवा काढायला फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे ढिला करायचा आणि फीड पंपाची घुंडी वरखाली करत राहायचं. आधी पांढरा फेस, मग बुडबुडे, मग डिझेलची एकसंध धार. धार स्वच्छ झाली की स्क्रू आवळायचा. तेवढ्यानं भागलं नाही, तर चालू इंजिनवर नोझलच्या पाइपांचे नट एकेक करून ढिले करायचे. ज्याचा नट ढिला करूनही आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. एक पाना आणि तयार कान, एवढ्यावर निदान व्हायचं. त्या कानांबद्दल मला आजही आदर वाटतो.

पेट्रोल गाड्यांचं दुखणं वेगळं. मे महिन्यात घाट चढताना पद्मिनीच्या पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची. ओलं फडकं पंपावर ठेवून सावलीत थांबलं की गाडी पुन्हा चालू.

सगळंच काही छान नव्हतं. भिवंडीत चिंध्यांना तोटा नाही. टाकीचं झाकण हरवलं की मागावरची चिंधी कोंबून मोकळे. तिचे धागे सुटून टाकीतल्या जाळीत अडकत आणि दोष पंपाच्या माथी येई. डिझेलमधली रॉकेलची भेसळ त्याहून वाईट. पंपातल्या प्लंजरला डिझेलचंच वंगण मिळतं; रॉकेलनं ते पातळ होतं आणि प्लंजरवर ओरखडे पडतात.

आता काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांपुढे रांगेत उभ्या असलेल्या गाड्या कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या. त्यांत डिझेलचा दाब 1,600 बारच्याही वर जातो. चालू इंजिनवर नट ढिला करण्याची ती जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते, कारण डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. जुन्या हातांच्या मिस्त्र्यांनी हे नव्या पोरांना पहिल्याच दिवशी बजावलं पाहिजे.

पंधरा-वीस वर्षांच्या पेट्रोल गाड्यांचा पंप टाकीतच बुडालेला असतो. तो कुरकुरतो, पण फार हळू. किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुणगुण येते, ती रोज ऐकावी. गुणगुण लांबली, कर्कश झाली, चढावर गाडी गचके देऊ लागली, की आधी प्रेशर तपासून घ्यावं. आवाज अजिबात आलाच नाही, तर पहिल्यांदा फ्यूज आणि रिले बघावा. थेट नवा पंप गळ्यात मारणाऱ्या गॅरेजपासून लांब राहावं. टाकी पाव भागाखाली उतरू देऊ नये. पंपाची मोटर पेट्रोलनंच थंड राहते.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्यानं फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, नेमके पंपाच्या तोंडाशी. म्हणून पावसाळ्याआधी टाकीच्या झाकणाचं रबर आणि पेट्रोलचे पाइप बदलून घ्यावेत, फिल्टरही त्याच खेपेला.