मासा तोच, तडफड निराळी

अस्वस्थ वाटणे, अवघडल्यासारखे होणे, हे सांगायला इंग्रजीत पुष्कळ वाक्प्रचार आहेत. त्यांतला 'लाइक अ फिश आउट ऑफ वॉटर' हा आमच्या विद्यार्थ्यांना सर्वांत सोपा वाटतो. फिश ठाऊक, वॉटर ठाऊक, मग राहिले काय? शाळा खाडीकाठची, त्यामुळे मासा शिकवावा लागत नाही. अर्थ विचारला की वर्गातून एकच उत्तर येते : पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा तडफडणारा. शब्दाला शब्द बरोबर. अर्थ मात्र हुकलेला.

इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात हा वाक्प्रचार वापरताना मरणाची तडफड नसते. आपल्या सवयीच्या जागेतून उठून भलत्याच जागी जाऊन बसलेल्या माणसाचे अवघडलेपण त्याला सांगायचे असते. हात कुठे ठेवावेत कळत नाही, कुणाशी काय बोलावे सुचत नाही, सगळे आपल्याकडेच पाहताहेत असे वाटते. आयुष्यभर शेती केलेले नाना शहरातल्या मोठ्या हॉटेलातल्या वलीम्याला गेले आणि काटेचमचे बघून गप्प बसले, तर तिथे हा वाक्प्रचार चपखल बसतो. हिशेबनीसाला अचानक सूत्रसंचालनाला उभे केले, तरी चालतो. पण बूट चावतो म्हणून, ताप आला म्हणून किंवा परीक्षेत नापास झालो म्हणून कुणी 'फिश आउट ऑफ वॉटर' होत नाही. माणूस आणि जागा यांचा मेळ बसत नाही, एवढेच त्यात हवे. याच्या उलट सांगायचे असेल, म्हणजे नव्या जागी कुणी पहिल्या दिवसापासून रमला, तर इंग्रज बदकाला बोलावतो : बदक जसे पाण्यात शिरते तसा तो त्या कामात शिरला. पाणी दोन्हीकडे आहेच.

हा मासा इंग्रजीत फार जुना. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या कवीने 'कँटरबरी टेल्स'मध्ये मठ सोडून भटकणाऱ्या साधूच्या संदर्भात पाण्यावेगळ्या माशाची उपमा आणली आहे. गंमत अशी की तो साधू ती उपमा धुडकावून लावतो. त्याला मठाबाहेरच बरे वाटते! पुढे 1613 साली सॅम्युएल पर्चस नावाच्या इंग्रज पाद्र्याने देशोदेशींच्या माहितीचा मोठा ग्रंथ छापला. त्यात अरबांविषयी लिहिताना, वाळवंटाबाहेर त्यांची गत पाण्याबाहेरच्या माशांसारखी होते, असे त्याने म्हटले. हा पर्चस स्वतः दूरदेशी कधी गेला नव्हता, दुसऱ्यांची प्रवासवर्णने गोळा करून लिहीत होता. त्याच्या कितीतरी शतके आधीपासून अरबांची गलबते आमच्या कोकणच्या बंदरांत ये-जा करीत होती. चौलच्या मुस्लिम वस्तीविषयी अल-मसऊदीने दहाव्या शतकातच लिहून ठेवले आहे. ज्यांनी समुद्र घरअंगणासारखा तुडवला त्यांना पाण्याबाहेरचे मासे म्हणायचे, म्हणजे कमालच.

आता आपल्या दोन भाषांकडे येऊ. उर्दूत हाच मासा फारसीची शेरवानी घालून येतो : माही-ए-बेआब. माही म्हणजे मासा, बेआब म्हणजे पाण्याविना. पण हा मासा दावतीत अवघडून बसत नाही. तो इश्कात, विरहात तडपतो, जीव जातो की राहतो अशी त्याची अवस्था असते. मराठीतही तेच. तुकोबांच्या अभंगातली मासोळी पाण्यापासून दुरावली म्हणून तळमळते, ती भक्ताच्या जिवाची तळमळ आहे. म्हणजे इंग्रजीचा मासा ओशाळा, आपले दोन्ही मासे जिवावर उदार. इंग्रजी वाक्य उर्दूत किंवा मराठीत जसेच्या तसे उतरवले की छोट्या दुःखाला मोठ्या दुःखाचा अंगरखा चढतो.

(इथे मागच्या बाकावरून एका मुलाने घेतलेली हरकत नोंदवायलाच हवी. 'सर, निवटी तर पाण्याबाहेर चालते!' खरे आहे. ओहोटीला खाडीच्या चिखलात निवट्या उड्या मारताना आमच्या मुलांनी रोज पाहिलेल्या असतात. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवून आणि ओल्या कातडीतून श्वास घेऊन ती तासन्‌तास बाहेर राहते. मरळही वरची हवा घेऊन बराच वेळ तग धरते. इंग्रजाने निवटी पाहिली असती, तर वाक्प्रचार निराळा झाला असता.)

हा सगळा शब्दांचा खेळ वाटेल. पण याच खेळापायी आमच्या एका विद्यार्थिनीचे शिक्षण थांबता थांबता राहिले.

मुलगी हुशार, दहावीपर्यंत उर्दू माध्यमात. अकरावीला तालुक्याच्या गावी विज्ञान शाखेत गेली आणि वसतिगृहात राहू लागली. तिथे शिकवणे इंग्रजीतून, मधली बोली शहरी मराठी. तिला सगळे येत होते, पण दुसऱ्या नावांनी. मुसल्लस म्हणजे ट्रँगल, ज़ाविया म्हणजे अँगल, इस्राअ म्हणजे ॲक्सेलरेशन. ज़ियाई तालीफ़ तिला आकृतीसकट पाठ होती. सरांनी फोटोसिंथेसिस विचारले तेव्हा ती खाली मान घालून बसली. जेवताना मैत्रिणी ज्या मालिकांवर हसत, त्या तिने पाहिलेल्या नव्हत्या. तिसऱ्या आठवड्यात तिने कुवेतला असलेल्या अब्बांना व्हॉट्सॲपवर निरोप लिहिला. मनात होते इंग्रजी वाक्य, आमच्याकडेच शिकलेले. ते तिने सुंदर उर्दूत उतरवले : मी इथे माही-ए-बेआबसारखी तडपते आहे.

बापाने काय समजायचे? त्यांनी लगेच अम्मीला फोन लावला, अम्मीने मामूंना. पोरीला कुणी छळतेय का, आजारी आहे का, खायला मिळत नाही का? रात्रीत ठरले : सकाळच्या एसटीने मामूंनी जायचे, दाखला काढायचा, मुलीला घरी आणायचे. शिकून तरी काय करायचेय, हे वाक्यही कुणीतरी बोलून गेले. अशा वेळी हे वाक्य घरात कुठे ना कुठे तयारच असते.

अम्मींनी सकाळी आम्हांला कळवले म्हणून बरे. आम्ही मुलीला फोन केला. जेवतेस का? हो. झोप लागते? लागते. कुणी त्रास देते? नाही सर. घरी यायचेय? बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, 'नाही. फक्त वर्गात कसंतरी होतं.'

त्या 'कसंतरी'साठी मराठीत किती नेमके शब्द आहेत! बावरणे, बुजणे, परके वाटणे, चुकल्याचुकल्यासारखे होणे. आणि आमचा सर्वांत आवडता, कानकोंडे होणे, जो हल्ली मुलांच्या कानावरही पडत नाही. उर्दूत 'अजनबी-सा लगना' आहे. 'जी नहीं लगता' हेही आहे, पण ती घरची आठवण झाली, गोष्ट निराळी. अब्बांना आम्ही फोनवर एवढेच सांगितले की पोरगी तिथे कानकोंडी झालीये, तडपत नाहीये. ते कोकणी माणूस, शब्द ओळखीचा. पलीकडून हसू आले आणि मग म्हणाले, 'सर, मीपण कुवेतला पहिले सहा महिने तसाच होतो. आम्ही कुणाला सांगितलं नाही एवढंच.'

मामू तोवर एसटीत बसले होते. ते वसतिगृहावर पोहोचले, भाचीला भेटले आणि संध्याकाळी एकटेच परतले. तिने हातात यादी दिली होती : शास्त्राच्या शब्दांची उर्दू-इंग्रजी लुग़त, एक छत्री, आणि पुढच्या खेपेला डब्यात निवट्यांचे कालवण.