नाव, नाते आणि विमापत्र

सहलीला निघताना आपल्यापैकी प्रत्येकजण काही ना काही विसरतो. कोणी चष्म्याचे घर विसरतो, कोणी औषधाची बाटली. मी एकदा एक शब्द नीट वाचावयास विसरलो, आणि तो शब्द होता ‘कुटुंब’. ती हकिकत आज आपणांस सांगावी असे मनात आहे. कारण तसा प्रसंग आपल्यापैकी कोणावरही येण्याजोगा आहे.

आम्ही तिघे भावंडे. थोरली ताई इंदूरला, मी वडोदऱ्यास आणि धाकटा भाऊ हैदराबादेस. लग्नकार्याखेरीज एकत्र येणे घडत नाही. तेव्हा 2022 च्या डिसेंबरात तिन्ही बिऱ्हाडांनी मिळून केरळात जावे आणि अलप्पुळा येथे एक अख्खी हाउसबोट दोन रात्रींसाठी भाड्याने घ्यावी, असे ठरले. या नावा म्हणजे पूर्वी कुट्टनाडातील भात वाहून नेणाऱ्या ‘केट्टुवळ्ळम’चे आजचे रूप. लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून ती नाव बांधीत. खिळा वापरीत नसत. समुद्रसपाटीहून खाली असलेली भातशेते दोन्ही बाजूंस पाहत वेंबनाड सरोवरात जावयाचे, या कल्पनेनेच मुले हरखून गेली होती.

नाताळाचे दिवस गर्दीचे. म्हणून नावेचे भाडे 84,000 रुपये सगळेच्या सगळे आगाऊ भरावे लागले. निघण्याच्या आधी पंधरा दिवसांच्या आत बेत मोडला तर एक पैसाही परत मिळणार नाही, अशी नावेच्या मालकाची अट होती. ती मी वाचली, आणि मग शहाणपणा करून प्रवासाचा विमा उतरवला. हप्ता थोडा होता. ‘सहल रद्द झाल्यास भरपाई’ हे शब्द ठळक छापलेले होते. नाव माझ्या नावावर भाड्याने घेतलेली. तेव्हा माझा, पत्नीचा आणि दोन मुलांचा विमा उतरवला म्हणजे नावेचाच विमा उतरला, असा माझा समज झाला. भावाबहिणीला मी मोठ्या ऐटीने कळवले, ‘‘काळजी करू नका, मी सर्व व्यवस्था केली आहे.’’

निघावयास सहा दिवस उरले असता रात्री ताईचा फोन आला. तिच्या यजमानांना, म्हणजे आमच्या जिजाजींना, हृदयविकाराचा झटका आला होता. पहाटेच्या गाडीने मी इंदूर गाठले. ते वाचले, ही देवाची कृपा. परंतु एक गोष्ट सांगताना आजही संकोच वाटतो. डॉक्टरांनी ‘आता धोका टळला’ म्हणताच माझ्या मनात दुसराच विचार आला तो त्या 84,000 रुपयांचा! बाहेरच्या बाकावर बसून मी विमापत्र प्रथमच शेवटपर्यंत वाचले.

विमापत्रात लिहिले होते की, विमा उतरवलेली व्यक्ती किंवा तिचा निकटचा कुटुंबीय गंभीर आजारी झाल्यास भरपाई मिळेल. पुढे निकटच्या कुटुंबीयांची यादी होती: पती किंवा पत्नी, मुले, आईवडील, सख्खी भावंडे. बहिणीचे यजमान त्या यादीत नव्हते! ज्यांनी माझ्या मुलांना सायकल शिकवली, ते जिजाजी विमापत्राच्या लेखी परके ठरले. शिवाय भरपाईची मर्यादा माणशी 5,000 रुपये होती. म्हणजे दावा मान्य झाला असता तरी चौघांचे 20,000 रुपयेच हाती आले असते. कंपनीचा नकार यथाकाल आला. तो सभ्य होता, आणि दुर्दैवाने योग्यही होता. चूक माझीच होती.

भाऊ काही बोलला नाही. ताई मात्र रडत म्हणाली, ‘‘आमच्यामुळे तुम्हां सर्वांचे पैसे बुडाले.’’ आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला असे वाटावे, हे मला पैशांच्या नुकसानीहून जास्त लागले.

वाचकहो, विमा आपल्या इच्छेचा नसतो. तो यादीत लिहिलेल्या कारणांचा असतो. मन बदलले, रजा मिळाली नाही, पाऊस पडेलसे वाटले, ही कारणे बहुधा त्या यादीत नसतात. म्हणून प्रथम आपल्याला भीती कशाची आहे ते कागदावर लिहावे, आणि मग ते कारण यादीत आहे की नाही ते पाहावे. अख्खी नाव भाड्याने घेताना तर हे अधिकच आवश्यक. आगगाडीचे एक तिकीट रद्द करता येते; नावेचा तिसरा हिस्सा रद्द करता येत नाही. एक बिऱ्हाड गळाले तरी भाडे पूर्णच राहते. म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या हिश्शाएवढा विमा उतरवावा, आणि सहप्रवाशाच्या आजाराचे कारण त्यात आहे का, हे विचारून लेखी उत्तर घ्यावे.

विमा घेण्यास उशीरही करू नये. 2018 च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला आणि अलप्पुळ्याची नेहरू चषक नौकाशर्यतही नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली. असे संकट दारात उभे राहिल्यावर घेतलेला विमा त्या संकटाच्या कामी येत नाही. आणि आजार लपवू नये. पुष्कळ विमापत्रांत आधीपासूनचा आजार वगळलेला असतो. तो सांगून विचारावे, जास्त हप्ता पडला तर द्यावा. विम्याचा धंदा वाढला तो जहाजांच्या व्यापारातून. आपल्या 1963 च्या सागरी विमा कायद्यातही हा करार परम सद्भावनेचा मानला आहे. उलट, खरे सांगूनही कंपनीने अन्याय केला तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते, आणि त्यास शुल्क पडत नाही.

2024 च्या जानेवारीत आम्ही पुन्हा बेत आखला. या वेळी तिन्ही बिऱ्हाडांनी वेगवेगळी विमापत्रे घेतली. जिजाजींचा आजार अर्जात स्पष्ट लिहिला, आणि त्यामुळे हप्ता वाढला तो आम्ही तिघांनी वाटून दिला. नावेच्या मालकाकडूनही, अडचण आल्यास तारीख बदलून देण्याची अट लिहून घेतली.

संध्याकाळी कोळ्यांची जाळी पाण्यात पडण्याची वेळ झाली, तशी आमची नाव काठाला बांधली गेली. जिजाजी पुढच्या बाजूस खुर्ची टाकून बसले होते, आणि माझा धाकटा मुलगा त्यांना किनाऱ्यावरची बदके मोजून दाखवीत होता. विमापत्रे ताईच्या पिशवीत होती. ती उघडण्याची वेळ आली नाही.