आधी वास घे

वाई, रविवार

चि. निखिल,

पद्मिनीच्या मागच्या डाव्या चाकाचा फोटो बघितला. टायरच्या आतल्या अंगाने ओघळ आलाय आणि तू म्हणतोस, 'मामा, डबीत मधूनमधून ब्रेक ऑईल टाकतो, मग पेडल बरं लागतं.' अरे, लायनर झिजले की डबीतली पातळी थोडी उतरते, पण त्याला महिने लागतात. वरचेवर टाकावं लागतंय म्हणजे ते कुठेतरी बाहेर पडतंय. गाडी आजपासून उभी कर. आणि ताईला यातलं काही सांगू नकोस, ती गाडीच विकायला लावेल.

चाकातल्या ब्रेक सिलेंडरची ऑर्डर मात्र लगेच देऊ नकोस. मी तीच चूक केली होती. ओला ड्रम पाहिला, सिलेंडर बदलला, लायनर बदलले आणि महिन्याभरात पसरणी घाट उतरताना ब्रेक पुन्हा धरेना. सेकंडवर टाकून, हँडब्रेक ओढत कशीबशी कठड्याला लावली. गळत होतं ते ॲक्सलचं ऑईल सील. तुझी गाडीही मागच्या चाकांवर चालणारी, म्हणजे त्या ड्रममध्ये दोन वेगळी ऑईलं उतरू शकतात.

म्हणून आधी वास घे. गिअर ऑईल दाट असतं, गंधकासारखा उग्र वास येतो, पाण्यात टाकलं की तरंगतं. ब्रेक ऑईल पातळ, पाण्यात विरघळून जातं. वाटीभर पाण्यात दोन थेंब टाक, निकाल लागेल. (वाटी स्वयंपाकघरातली नको. आणि ब्रेक ऑईल पत्र्यावर सांडलं तर लगेच पाण्याने धू, रंग खातं ते.) गिअर ऑईल निघालं तर सील बदलायच्या आधी ॲक्सलचा ब्रीदर बघ. तो चिखलाने बुजला की आत दाब साचतो आणि नवं सीलही गळतं.

तुझं दुखणं मला सिलेंडरचंच वाटतंय. गेल्या महिन्यात नवे लायनर बसवलेस ना? जुने झिजलेले असताना पिस्टन बाहेरच्या बाजूला सरकलेले असतात. नवे जाड लायनर आले की ते मागे ढकलले जातात, आणि तिथे वर्षानुवर्षांचा गंज बसलेला असतो. त्या खरखरीवर पिस्टनचं बकेट रबर घासलं की गळती सुरू. तू मिस्त्रीला शिव्या घातल्यास, पण लायनर बसवणं त्याचं काम होतं, गंज तुझ्या आजोबांच्या काळातला. सिलेंडर उघडून बघायला हवा होता, एवढं मात्र खरं.

पुढच्या चाकांना विटा लाव, मागचं चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड दे आणि मगच हँडब्रेक सोड. ड्रम काढताना अडला तर ॲडजस्टर सैल कर, लाकडाचा तुकडा धरून ठोक. आतली धूळ फुंकायची नाही, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पूस. आता सिलेंडरच्या टोकाचं रबरी टोपण नखाने उचल. आत नुसती ओल असेल तर चालेल, धार आली तर बकेट रबर गेलं. सिलेंडर खोलून आत नख फिरव. अडखळलं तर रबर किटवर पैसे घालू नकोस, सिलेंडरच नवा घे.

भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन जाळून वापरणारे बरेच भेटतील. ऐकू नकोस. लायनर ब्रेक ऑईल शोषून घेतं आणि तापलं की परत ओकतं. बदलायचे ते दोन्ही चाकांचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.

सगळं जोडल्यावर ब्रेकमधली एअर काढताना डबी रिकामी होऊ देऊ नकोस आणि नवं ऑईल सीलबंद डब्यातलंच घे. ते हवेतलं पाणी ओढतं. कोरडं डॉट ३ ब्रेक ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही मर्यादा १४० वर येते. घाटात तापलेल्या ब्रेकला तो फरक समजतो. वर्षभर अर्धा उघडा पडलेला डबा मला दाखवू नकोस.

काम झालं की आधी सोसायटीच्या आवारात दहा-बारा वेळा थांबवून बघ. पेडल घट्ट लागलं तरच रस्त्यावर काढ. पुढच्या रविवारी येशील तेव्हा जुना सिलेंडर कागदात गुंडाळून आण. आत गंज कुठे बसलाय ते मला बोटाने बघायचंय.

तुझा,
मामा