मापाची खुर्ची

गुरुवार. चष्म्याचा नंबर आपण दोनदा तपासून घेतो. व्हीलचेअर मात्र 'आली ना, बसा आता' म्हणून मिळते. वाटप शिबिरांत तर एकाच मापाच्या खुर्च्यांची रांग, हार, फोटो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच सांगून ठेवलंय : आधी माणसाची मापं घ्या, बसवून बघा, वापरायला शिकवा, नंतर विचारपूसही करा.

आज थेरपिस्टताईंनी टेप काढली. बैठक कमरेच्या रुंदीहून जेमतेम बोटभर जास्त, गुडघ्यामागे दोन बोटांची फट. खुर्ची रुंद असली की अंग एका बाजूला कलतं, चाकं लांब पडतात आणि खांदे भरून येतात. बैठक खोल असली तर माणूस पुढे घसरतो, सगळा भार माकडहाडावर. माझ्यासारखी कमरेखाली संवेदनाच नसली, की जखम कळते ती चादरीवर डाग दिसल्यावर. म्हणून चांगलं कुशन ही चैन नव्हे. (हे मेडिक्लेमवाल्यांना कोण समजावणार?)

शेवटी फॉर्म आला : 'आपण समाधानी आहात का?' खुर्ची छानच आहे. पण आमच्या बाथरूमचं दार तिच्याहून अरुंद. तेच लिहिलं, आणि डावा ब्रेक आवळून मागितला.